गावच्या क्लबने घडवलेला खेळाडू व्यावसायिक झाला, तर क्लबला काय मिळावं?

पुण्यात काही मित्र मिळून मुलांसाठी छोटा रग्बी क्लब चालवतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव, फी नाही, चेंडू आणि टॅकल-बॅग (प्रतिस्पर्ध्याला धरून पाडण्याच्या सरावाच्या पिशव्या) स्वतःच्या खिशातून. जून २०२५मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला आणि त्यांच्या मनात प्रश्न आला. उद्या आपल्यातला एखादा मुलगा फ्रँचायझीने घेतला, तर ज्यांनी त्याला पहिल्यांदा चेंडू धरायला शिकवलं त्यांना काही मिळायला हवं का? परदेशात काय पद्धत आहे? आणि आपण पैसे मागितले तर मुलाचंच नुकसान होईल का?

मी मूळची सांगलीची. पेशाने हिशेबनीस. नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण वेल्समधल्या एका खोऱ्यात आले, मुलगा सात वर्षांचा असताना त्याला तिथल्या क्लबात घातलं, आणि पुढच्या हंगामात कुणीतरी माझ्या हातात नोंदणीची फाईल दिली. ती एकोणीस वर्षं माझ्याकडे होती. आमच्या आणि आजूबाजूच्या क्लबांसाठी अशा भरपाईचे अर्ज मी लिहिले आहेत. काही मिळाले, बरेच फेटाळले गेले. त्या अनुभवावरून त्या मित्रांना सांगते.

थेट उत्तर आधी. हो, मिळायला हवं. मुलाचं नुकसान होता कामा नये, आणि होत असेल तर मागण्याची रीत चुकली आहे. आणि मिळणं न मिळणं हे तुम्ही किती चांगलं शिकवलंत यावर जवळजवळ कधीच ठरत नाही. ते ठरतं तुमच्या वहीवर.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीजच्या पायथ्याशी कास्तेलनो-मान्योआक नावाचं हजारभरसुद्धा वस्ती नसलेलं गाव आहे. आंत्वान द्यूपाँ लहानपणी तिथल्या क्लबात खेळला. २०११मध्ये तो जवळच्या ओश शहरातल्या क्लबच्या कनिष्ठ संघात गेला, २०१४मध्ये कास्त्रला, २०१७मध्ये तुलूझला. आज तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणला जातो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं, सुवर्णही त्याच्या संघाने जिंकलं. ओशच्या त्याच क्लबातून ग्रेगरी आल्ड्रिट, आन्तोनी झेलाँश आणि पिएर बुर्गारी हेही आले. २०२३च्या विश्वचषकाच्या फ्रेंच संघात हे चौघंही होते. एका छोट्या शहराने देशाच्या संघाला चार जण द्यावेत ही केवढी गोष्ट! आणि द्यूपाँ तुलूझला गेला त्याच वर्षी, २०१७मध्ये, ओशचा तो क्लब दिवाळखोरीत गेला. त्याच्या जागी नवा क्लब उभा करावा लागला. क्लब बुडाला तो व्यावसायिक संघ चालवण्याच्या खर्चामुळे. भरपाई मिळाली असती तर वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण घडवणारं घर आणि घडलेला माणूस यांच्या नशिबाचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

असं का होतं हे समजायला थोडं मागे जावं लागेल, कारण यात रग्बीचा स्वतःचा इतिहास आडवा येतो. १८९५मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात काही क्लब जमले आणि रग्बी युनियनमधून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संघटनेतून, फुटून निघाले. भांडण होतं बुडालेल्या मजुरीचं. खाणीत आणि गिरणीत काम करणारा माणूस शनिवारी सामना खेळला तर त्याची मजुरी बुडायची; ती भरून द्यावी अशी त्या क्लबांची मागणी होती. युनियनने नकार दिला. फुटलेल्यांचा खेळ पुढे रग्बी लीग या नावाने वेगळा झाला, मूळ खेळाला रग्बी युनियन म्हणतात, आणि त्या युनियनमध्ये त्यानंतर बरोबर शंभर वर्षं, ऑगस्ट १९९५पर्यंत, खेळण्याचे पैसे घेणं हा गुन्हा राहिला.

याचा परिणाम लक्षात घ्या. फुटबॉलमध्ये एकोणिसाव्या शतकापासूनच खेळाडू क्लब बदलताना क्लबला रक्कम मिळायची. रग्बी युनियनमध्ये खेळाडूला किंमतच नव्हती, त्यामुळे घडवणाऱ्याला वाटा असावा हा विचार रुजायला जागाच नव्हती. आमच्या वेल्समधले मोहरे वर्षानुवर्षं उत्तर इंग्लंडच्या लीग क्लबांनी नेले. वेल्सचा खेळाडू जोनाथन डेव्हिस १९८९मध्ये विड्नेसच्या लीग क्लबात गेला तेव्हा सगळा वेल्स हळहळला. पण युनियनमधल्या क्लबाला त्या व्यवहारातून काही मागण्याचा मार्ग त्यांच्याच नियमांनी बंद केलेला होता. मग १९९५ला दार उघडलं, पगार आले, टीव्हीचे पैसे आले, वेल्समध्ये २००३पासून व्यावसायिक खेळ प्रादेशिक संघांकडे गेला. खालच्या मजल्यावर मात्र तेच स्वयंसेवक, तोच चहाचा थर्मास आणि तीच जुनी समजूत राहिली, की आपण प्रेमापोटी करतो, पैशाचं काय बोलायचं! माझ्या मते सगळं दुखणं या समजुतीत आहे. प्रेमापोटी करायचं ते करावंच, पण विजेचं बिल प्रेमाने भरता येत नाही.

आता फुटबॉल काय करतं ते पाहू. मोजायला तीच पट्टी हाताशी आहे. फिफाच्या नियमात २००१पासून दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

पहिली प्रशिक्षण भरपाई. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला, किंवा तेवीस वर्षांचा होईपर्यंत एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की नवा क्लब घडवणाऱ्यांना पैसे देतो. मोजदाद होते ती वयाच्या बाराव्या ते एकविसाव्या वर्षांच्या हंगामांची. क्लबांचे चार वर्ग आहेत आणि दर हंगामाचा दर ठरलेला आहे. युरोपात सर्वांत वरच्या वर्गाला ९०,००० युरो, मग ६०,०००, ३०,००० आणि सर्वांत खालच्याला १०,०००. बारा ते पंधरा या वयाच्या हंगामांना मात्र साधारणपणे खालचाच दर लागतो, म्हणजे पोरवयातल्या मुलांवर मोठे आकडे चिकटत नाहीत. मला हा बारकावा फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरी वाट ऐक्य-वाट्याची. करार चालू असताना खेळाडू रक्कम देऊन विकत घेतला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के बाजूला काढून बारा ते तेवीस या वयात तो जिथे जिथे खेळला त्या सगळ्यांत वाटायचे. बारा ते पंधराच्या प्रत्येक हंगामाला त्या पाच टक्क्यांचा विसावा भाग, सोळा ते तेवीसच्या प्रत्येक हंगामाला दहावा. एक कोटी युरोंची बदली झाली तर पाच लाख बाजूला निघतात. ज्या गावच्या क्लबात मुलगा बारा ते पंधरा अशी चार वर्षं होता, त्याला दर वर्षाचे २५,००० प्रमाणे एक लाख युरो मिळतात. गावच्या क्लबाला एवढ्या पैशात नवं क्लबघर बांधता येतं. पूर्वी हे पैसे मागत फिरावं लागायचं आणि बहुतेक छोट्या क्लबांना आपला हक्क आहे हेच ठाऊक नसायचं. म्हणून फिफाने २०२२मध्ये पॅरिसला क्लिअरिंग हाउस सुरू केलं. आता खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट नोंदींवरून आपोआप तयार होतो आणि वाटणी तिथून होते.

हेच उचलून रग्बीत का लावत नाहीत, असं मला दर वेळी विचारतात. कारण दुसरी वाट रग्बीत जवळजवळ कोरडी आहे. रग्बीपटू बहुतेक वेळा करार संपल्यावर जागा बदलतो. खरेदीची रक्कम हलतच नाही, मग तिचे पाच टक्के काढणार कशातून? जी क्वचित हलते ती फुटबॉलच्या तुलनेत फार लहान. रग्बीत पैसा आहे तो पगारात, बदलीत नाही. म्हणून जो कुणी रग्बीसाठी योजना आखताना 'बदलीच्या रकमेवर टक्का' असं लिहितो, त्याने खेळाचा हिशेब पाहिलेला नसतो. भरपाई पहिल्या कराराला जोडली पाहिजे आणि मोजली पाहिजे हंगामांवर.

नियम अजिबात नाहीत असं नव्हे. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियम ४मध्ये एका देशाच्या युनियनकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या खेळाडूच्या प्रशिक्षणाची भरपाई मान्य केलेली आहे, आणि अशा बदलीला आधीच्या युनियनचा परवाना, म्हणजे क्लिअरन्स, लागतो. फ्रान्समध्ये देशांतर्गत भरपाईचीही पद्धत आहे. शिवाय तिथे २०१०पासून दुसऱ्या बाजूनेही जोर लावला जातो, व्यावसायिक संघांना स्थानिक प्रशिक्षणातून आलेले खेळाडू ठरावीक संख्येने खेळवावेच लागतात. पण बहुतेक बदल्या देशाच्या आतच होतात, आणि तिथे सगळं त्या त्या युनियनच्या मर्जीवर.

रक्कम किती असावी यावर युरोपियन न्यायालयाचा एक निकाल मी प्रत्येक अर्जाला जोडायचे. खटला फुटबॉलचा, पण तत्त्व सगळ्या खेळांना लागू पडावं असं. ऑलिव्हिए बर्नार या तरुणाने ल्याँ क्लबाशी १९९७मध्ये तीन वर्षांचा उमेदवारीचा करार केला. २०००मध्ये ल्याँने पुढचा करार देऊ केला, तो नाकारून तो न्यूकॅसलला गेला. ल्याँने ५३,३५७ युरो आणि काही सेंट मागितले. हा आकडा त्याला वर्षभरात जो पगार मिळाला असता त्यावर बेतलेला होता. १६ मार्च २०१०ला निकाल आला. घडवणाऱ्याला भरपाई मिळण्याची योजना तत्त्वतः योग्य, कारण ती नसेल तर लहान मुलांना शिकवण्यात कुणी पैसे घालणार नाही. पण ती शिकवण्याच्या प्रत्यक्ष खर्चाशी बांधलेली हवी. नुकसानभरपाई म्हणून, मुलगा सोडून गेल्याची शिक्षा म्हणून, ती आकारता येणार नाही. आणि जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती अशी: खर्च मोजताना जे व्यावसायिक होतात त्यांच्याबरोबर जे कधीच होणार नाहीत त्यांच्या शिकवण्याचाही विचार करायला न्यायालयाने मान्यता दिली.

तुमच्या क्लबाला हे लावून पाहा. समजा चाळीस मुलं आहेत आणि वर्षाचा सगळा खर्च २,४०,००० रुपये. डोक्यामागे ६,०००. एक मुलगा पाच वर्षं राहिला तर त्याच्यावर ३०,००० झाले. फ्रँचायझीचा माणूस म्हणेल, घ्या तीस हजार. पण हा एक मुलगा निघावा म्हणून तुम्ही चाळीस जणांना पळवलंत. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात तिथे, समोर ढकलायला कुणी नसतं तर हा प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला खेळाडू, झालाच नसता. रग्बी एकट्याने शिकता येत नाही. म्हणून डोक्यामागचा खर्च काही पटीने वाढवूनच न्याय्य आकडा निघतो. किती पटीने, हे तुमच्या वहीतून निघेल: दहा वर्षांत किती मुलं आली आणि किती पुढे गेली.

आता वहीचीच गोष्ट सांगते, कारण तिथेच मी हरले.

आमच्याकडे एक मुलगा सातव्या वर्षी आला. वडील नव्हते, आई रात्रपाळीला जायची. त्याला सरावाला आणणं-नेणं आमच्या प्रशिक्षकांनीच केलं, आणि हिवाळ्यात बूट क्लबने घेतले. सोळाव्या वर्षी तो शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधल्या एका कॉलेजात गेला, एकोणिसाव्या वर्षी एका व्यावसायिक संघाने त्याला करार दिला. आम्ही सगळे त्या रात्री क्लबात बसून रडलो. नऊ वर्षं तो आमचा होता! मी पत्र लिहिलं. संघाचं उत्तर आलं की आम्ही त्याला तुमच्याकडून नव्हे, कॉलेजकडून घेतलं. कॉलेज म्हणालं, आम्ही शिक्षणसंस्था, आमच्याकडे तो विद्यार्थी म्हणून आला. मी नोंदी काढल्या, तर तेराव्या आणि चौदाव्या वर्षांच्या दोन हंगामांची नोंदणी आम्ही वेळेवर पूर्ण केलेलीच नव्हती. सामन्यांच्या याद्या होत्या, फोटो होते, प्रशिक्षकाच्या डायऱ्या होत्या, पण नोंदणी नव्हती. साखळी तुटली की पुढच्याला हात झटकायला तेवढं पुरतं. दीड वर्षाच्या पत्रव्यवहारानंतर त्या संघाकडून सही केलेला एक जर्सी आणि बारा चेंडू आले. चेंडू चांगले होते, मुलं बरीच वर्षं त्यांनी खेळली. पण त्याच वर्षी मैदानाच्या दिव्यांची दुरुस्ती परवडेना म्हणून आम्हाला चौदा वर्षांखालच्या मुलांचा बुधवारचा सराव बंद करावा लागला होता. ते मला आजही टोचतं.

यातून दोन गोष्टी शिकले. मधल्या पायरीवर शाळा-कॉलेज आलं की भरपाई तिथेच विरते. म्हणून नियमात 'कुणाकडून घेतला' असं न लिहिता 'कुठे कुठे घडला' असं लिहिलं पाहिजे. आणि शाळांना वाटा द्यायचा की नाही, यावर माझं मत पक्कं आहे. जी शाळा पालकांकडून भरपूर फी घेते तिचा मोबदला तिला आधीच मिळालेला असतो. सरकारी शाळेतल्या पीटीच्या सरांनी स्वतःहून संघ उभा केला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वाटा जरूर जावा.

वयाचंही तसंच. फिफा बारापासून मोजतं. रग्बीत सहा-सात वर्षांची मुलं विना-टॅकल खेळ खेळू लागतात आणि बारापर्यंत चेंडू हाताळण्याची अर्धी समज येऊन जाते. उलट एखादा प्रॉप सोळाव्या वर्षी पहिल्यांदा मैदानावर येतो. त्यामुळे फक्त हंगाम मोजले तर पहिल्या क्लबावर अन्याय होतो. पहिल्या क्लबाला एक ठोक रक्कम आणि पुढच्यांना हंगामागणिक, अशी विभागणी मला पटते.

मुलींबद्दल मुद्दाम सांगते. फिफाच्या नियमांत प्रशिक्षण भरपाई महिला फुटबॉलला लागू नाही. महिलांच्या क्लबांकडे पैसे नाहीत, भरपाई लावली तर मुलींना करारच मिळणार नाहीत, हे त्यामागचं कारण मला कळतं. पण मुलींना शिकवायला चेंडू काही स्वस्त मिळत नाहीत. आपल्याकडे नवी रचना करताना मुलींच्या खात्यात पहिल्या दिवसापासून थोडी तरी रक्कम असावी, आणि ती संघाने नव्हे तर लीगने द्यावी.

पैसे देणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२२-२३च्या हंगामात वुस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश असे प्रीमियरशिप या सर्वांत वरच्या लीगमधले तीन क्लब कोसळले. आमच्याकडे कार्डिफ संघ पैसे संपून एप्रिल २०२५मध्ये प्रशासकाच्या हाती गेला आणि वेल्श युनियनने तो ताब्यात घेतला. बुडालेल्या संघाकडे तुमची भरपाई थकलेली असेल तर तुम्ही देणेकऱ्यांच्या रांगेच्या शेवटी. म्हणून मी मोठ्या आकड्यांच्या मागे लागत नाही. रक्कम लहान असो, पण करारावर सही झाली त्या महिन्यात मिळो. शक्य असेल तर संघाकडून नव्हे, सगळ्यांच्या सामायिक निधीतून मिळो. इंग्लिश प्रीमियरशिपची पगारमर्यादा, म्हणजे एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून करायच्या खर्चाची मर्यादा, २०२४-२५पासून ६४ लाख पौंडांची आहे. दहा संघांनी त्या मर्यादेच्या एक टक्का दिला तर वर्षाला ६ लाख ४० हजार पौंड जमतील. एकेका संघाच्या वाट्याला येणारा भार ६४ हजार पौंडांचा, म्हणजे एका मध्यम खेळाडूच्या पगाराहून कमी. खालच्या क्लबांना मात्र हा निधी मैदानाच्या भाड्याइतका आधार होईल. यातला मोठा भाग घडवणाऱ्या क्लबांना थेट जावा आणि उरलेला ज्यांच्याकडून या वर्षी कुणी पुढे गेलं नाही त्यांना. कारण त्यांनीही तेवढंच काम केलं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, मुलाच्या नुकसानीचा. इथे माझी रेषा अगदी ठाम आहे. पैसे आले नाहीत म्हणून मुलाचा परवाना, त्याची कागदपत्रं, त्याचं ना-हरकत पत्र कधीही अडवू नका. एक दिवससुद्धा नाही. भरपाई हे दोन संस्थांमधलं देणं आहे, ते मुलाच्या डोक्यावर ठेवायचं नसतं. पालकांकडून 'मुलगा पुढे गेला तर पगाराचे दहा टक्के क्लबला' असं लिहून घेणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. पॅसिफिक बेटांवरच्या मुलांकडे बघा. फिजीच्या नांद्रोंगामध्ये क्लेरमाँ या फ्रेंच क्लबाने अकादमी काढली आणि तिथून आलेले नोआ नाकाइताची आणि अलिवेरेती राका पुढे फ्रान्सच्या संघातून खेळले. अठराव्या वर्षी समुद्रापार जाणाऱ्या अशा मुलावर घरची, गावची, चर्चची देणी आधीच असतात. त्यात आपली भर नको.

एक जरा बाजूची गोष्ट, पण मनात राहिलेली. इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात तो चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८मध्ये बंद पडला तेव्हा शिल्लक रुपये वितळवून तो करवून घेतला आणि इंग्लंडच्या युनियनला देऊन टाकला. जगभर त्या कपाचं नाव आहे. मी तो पाहते तेव्हा मला तो क्लब आठवतो.

तर आता पुण्यात काय करायचं. एक जाड वही घ्या आणि तिची दर महिन्याला स्कॅन प्रत काढा. प्रत्येक मुलाचं नाव, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख, पहिला दिवस, सोडल्याचा दिवस. प्रत्येक सामन्याची यादी तारखेसह, रेफरीच्या सहीसह. राज्य संघटनेकडे क्लबाची संलग्नता करून घ्या आणि मुलांची नोंदणी दर हंगामाला, खंड न पडू देता, पावती जपून. खर्चाची वेगळी पानं: मैदानाचं भाडं, चेंडू, बँडेज, एसटीचं तिकीट, सामन्यानंतरची केळी आणि अंडी. स्वयंसेवक प्रशिक्षकाचे तासही लिहा, पैसे दिले नसले तरी. न लिहिलेला तास पुढे कुणी मोजत नाही. मुलगा दुसरीकडे गेला तर एका पानाचं पत्र द्या, हा अमुक काळ आमच्याकडे होता, आणि नव्या क्लबाची पोच घ्या.

लीगशी बोलायचं ते एकट्याने नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, जिथे जिथे क्लब आहेत त्यांनी मिळून राज्य संघटनेमार्फत एकच मागणी ठेवावी: खेळाडूच्या कराराच्या नमुन्यात 'घडवणारे क्लब' असा एक रकाना. पैशाची मागणी नंतर, रकाना आधी. लीग नवी आहे, तिची कागदपत्रं अजून घट्ट झालेली नाहीत. पाच वर्षांनी हा रकाना घालून घेणं फार अवघड जाईल.

आणि तुमच्याकडे आत्ता जी मुलं आहेत त्यांच्या जन्मतारखा या शनिवारी सरावाला आल्यावरच लिहून घ्या. दाखल्याचा फोटो पालकांच्या मोबाइलवर असतो.